बासची खोडी काढण्याचे प्रकार

बास हा मासा मुळात आळशी आणि वरून तापट. हे दोन गुण एका माणसात एकत्र आले की घरचे त्याच्यापासून चार हात लांब राहतात; अमेरिकेत मात्र या जोडीवर अख्खा धंदा उभा राहिला आहे. लार्जमाउथ बास धरायला निघालेला हौशी अमेरिकन सहसा डब्यात गांडुळं घेऊन जात नाही. त्याच्या पेटीत लाकडाचे, प्लास्टिकचे, रबराचे आणि पितळेचे पन्नास-साठ नमुने असतात आणि त्यांतला एकही खाण्याच्या लायकीचा नसतो. तरी चालतं. कारण पोट तुडुंब भरलेला बासही तोंड उघडतो, कुणीतरी त्याची खोडी काढली पाहिजे एवढंच. खोडी कुठे काढायची, कधी काढायची आणि काढून झाल्यावर किती वेळ गप्प बसायचं, हे ज्याला कळलं त्याला तळ्यातला बास धरता आला.

आधी एक घोटाळा दूर केलेला बरा. मुंबईच्या हॉटेलात ‘सी बास’ म्हणून जो ताटात येतो तो बहुतेक वेळा आपला जिताडा असतो, आणि त्याचं या मंडळींशी नातं नाही. हा बास गोड्या पाण्यातला. हिरवट पाठ, कुशीवर आडवा काळसर पट्टा आणि जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे गेलेलं. कूळ सनफिशचं. तळहाताएवढा ब्लूगिल मासाही याच कुळातला आणि बासच्या रोजच्या जेवणात त्याचा मान मोठा. कोर्टाची एकही तारीख न पडता भाऊबंदकी इतकी झटपट निकालात निघालेली दुसरीकडे सापडायची नाही.

हा गृहस्थ बसलेला असतो कुठे, ते पाहण्यासाठी टेक्सासमधलं लेक फोर्क घेऊ. नावाला लेक, प्रत्यक्षात धरण. 1980 साली बांध पुरा झाला तेव्हा खालची बरीचशी झाडं न तोडता पाण्यात तशीच उभी ठेवली. आज होडीतून खाली डोकावलं की ओंडके, बुंधे, जुन्या ओढ्यांची पात्रं, बुडालेले बांध असा सगळा संसार असतो. बास मोकळ्या पाण्यात उगाच भटकून अंग मोडून घेत नाही. बुंध्याची सावली, पाणगवताची कड, धक्क्याचा खांब किंवा उथळ पाणी एकदम खोल होतं ती कडा, यांपैकी एक जागा धरून तो बसतो आणि जेवण दारावरून जायची वाट पाहतो. म्हणून जाणकार माणूस दोरी भिरकावण्याआधी नकाशा काढून बसतो. नवखा माणूस धक्क्यावर उभा राहतो, खांद्यातून हात निखळेल इतक्या जोराने तळ्याच्या मध्यावर गळ फेकतो आणि दिवसभर रिकाम्या हाताने उभा राहतो. बास त्याच्या पायाखालीच असतो, धक्क्याच्या सावलीत.

जागा कळली तरी ऋतू विचारात घ्यावा लागतो. माशाचं रक्त थंड, त्यामुळे पाणी जसं तसा त्याचा उत्साह. पाणी 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बास जवळजवळ संन्यास घेतो. वसंतात पाणी 16 ते 20 अंशांवर आलं की तो घरटं करायला काठाशी येतो. उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्याचे थर पडतात: वर कोमट, खाली गार, आणि अगदी तळच्या गारव्यात प्राणवायूच अपुरा. मग भर दुपारी तो पाणवेलींच्या छपराखाली सावली धरतो, नाहीतर मधल्या थराच्या जरा वर लटकून राहतो. पहाटे आणि दिवेलागणीला तेवढा वर फेरी मारतो. शरद ऋतूत शॅड नावाचे चंदेरी मासे झुंडीने खाडीसारख्या फाट्यांमध्ये शिरतात, त्यांच्या मागोमाग हाही. हे वेळापत्रक ज्याने पाठ केलं त्याचं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं काम खोडीचं.

थंडीतली खोडी फार सावकाश काढावी लागते. तिच्यासाठी ‘जर्कबेट’ नावाची लांबट लाकडी किंवा प्लास्टिकची मासोळी असते. तिला दोन हिसडे द्यायचे आणि थांबायचं. नुसतं थांबायचं नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. पाणी फारच गार असेल तर वीसपर्यंत. अशा मासोळ्यांचा आद्यपुरुष फिनलंडमधला लॉरी रापाला. हा गरीब कोळी तळ्यात पाहत राहायचा, आणि त्याच्या ध्यानात आलं की मोठा मासा धडधाकट माशांच्या थव्यातून नेमका लंगडत पोहणारा एक उचलतो. 1936 साली त्याने बुचाचा तुकडा चाकूने तासला, वर चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचं रोगण लावलं आणि पाण्यात लंगडणारी मासोळी तयार केली. पुढे 1962 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकात तिच्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंक हातोहात खपला आणि मन्रोसाठी अंक घेतलेल्या लक्षावधी घरांत रापालाची मासोळीही पोचली. जाहिरातीचा इतका अचूक मुहूर्त कुठल्याही ज्योतिषाला काढता आला नसता.

पण बास धरणाऱ्यांचा खरा कुलदेव म्हणजे प्लास्टिकचा किडा. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावच्या निक क्रीम नावाच्या गृहस्थाने 1949 साली मऊ प्लास्टिकचं गांडूळ ओतून तयार केलं. ते बुंध्यांच्या जंगलात फिरवायचं तर गरी पावलोपावली अडकणार, म्हणून ‘टेक्सास रिग’ जन्माला आली. ही जुळणी एकदा हाताने करून पाहण्यासारखी आहे. दोरीत आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओवायचं, मग मानेशी वाकवलेली गरी बांधायची. गरीचं टोक किड्याच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटर घालून बाजूने बाहेर काढायचं, किडा गरीच्या मानेपर्यंत वर सरकवायचा, गरी उलटी फिरवायची आणि टोक परत किड्याच्या अंगात रुतवायचं. किडा सरळ राहिला पाहिजे. वाकडा राहिला तर पाण्यात गरगर फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि फेकणाऱ्याचा रविवार गाठी सोडवण्यात जातो.

किडा तळाला टेकला की काठीचं टोक हळूच वर घ्यायचं, किडा एक उडी मारतो. मग टोक खाली आणत सुटलेली दोरी गुंडाळायची. डोळे दोरीवर. बास चावत नाही, तो तोंड उघडून पाण्यासकट किडा आत ओढतो, आणि वस्तू नकली आहे असं वाटलं तर क्षणार्धात बाहेर थुंकतो. त्या क्षणाची खबर बोटांना फक्त एका बारीक ‘टक्’ने मिळते. बुंध्याला टेकल्यावरही तसंच टक् होतं, खडकावरही होतं. अनुभवी माणूस यातला फरक ओळखतो असं म्हणतात. निदान अनुभवी माणूस तरी असं म्हणतो. नवख्याने मात्र प्रत्येक ‘टक्’ला हिसका मारावा. फार तर दिवसाकाठी दोन-चार ओंडके दुखावतील.

याहून आळशी उपाय हवा असेल तर ‘वॅकी रिग’ आहे. मऊ, जाडसर काडी घ्यायची, गरी तिच्या बरोबर कमरेत खुपसायची, पाण्यात टाकायची आणि काही करायचं नाही. काडीच्या प्लास्टिकमध्ये मीठ मिसळलेलं असतं, त्यामुळे वजन येऊन ती आडवीच्या आडवी, दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते. माशाला मीठ लावणारी संस्कृती आपण पाहिली आहे. माशाच्या आधी आमिषालाच मीठ लावणारी ही एवढीच. आणि काहीच न करण्याची ही पद्धत सर्वांत अवघड, कारण होडीत बसलेल्या माणसाच्या हातून नेमकं तेवढंच होत नाही.

कमळपानांच्या दाटीत रबरी बेडूक फिरवतात. आतून पोकळ, गऱ्यांची टोकं पाठीला चिकटलेली, त्यामुळे तो पानांवरून अडकल्याशिवाय घसरत येतो. मग अचानक पानं फाटतात, पाणी उसळतं, बेडूक नाहीसा होतो, आणि माणूस दचकून काठी मागे ओढतो. इथेच सगळं फसतं. बासने अजून जबडा मिटलेला नसतो, बेडूक उडून माणसाच्याच कपाळावर येतो. नियम असा की स्फोट झाल्यावर एक-दोन असं मोजायचं, दोरी जड लागू द्यायची आणि मग खेचायचं. एवढा नियम पाळता यावा म्हणून लोक वर्षानुवर्षं सराव करतात.

‘स्पिनरबेट’ म्हणजे सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार, तिच्या एका टोकाला झालर आणि दुसऱ्याला गरगरणारी पितळी पात. निसर्गात असा प्राणी नाही, कधी नव्हता. ‘क्रँकबेट’ला पुढे प्लास्टिकची जीभ असते आणि ते मुद्दाम बुंध्यावर आपटायचं असतं. आपटून ते तिरकं उडालं की बाजूला डुलक्या काढणारा बास विचार न करता तोंड मारतो. दोन्हींतून भुकेला हाक जात नाही, थेट डोक्याला जाते.

खोडीचा कळस वसंतात होतो. नर बास काठाशी शेपटीने वाळू झाडून ताटाएवढं घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि नर पहाऱ्याला राहतो. या काळात तो फारसं खात नाही. पण घरट्यात एखादा रबरी सरडा येऊन पडला की पुण्यातल्या बंगलेवाल्याला फाटकासमोर परक्याची स्कूटर दिसल्यावर जे होतं, तेच त्याला होतं. तो सरडा तोंडात धरून बाहेर नेऊन टाकायला निघतो आणि तेवढ्यात माणूस हिसका देतो. हा खेळ सभ्य की नाही, यावर अमेरिकेत अजून वाद आहे, आणि तो व्हायलाच हवा. बाप गेला की ब्लूगिलांची टोळी अंडी साफ करते.

याच खेळात कॅलिफोर्नियातल्या डिक्सन लेकमध्ये 2006 च्या मार्चमध्ये एक अचाट मादी वर आली. कल्ल्याखाली काळा ठिपका असलेली ही बाई तिथल्या मंडळींच्या ओळखीची होती, तिचं नाव डॉटी ठेवलेलं होतं. हातातल्या काट्यावर वजन भरलं 25 पौंड 1 औंस, म्हणजे साडेअकरा किलोच्या आत-बाहेर. जगात त्याआधी एवढा बास कुणी तोलला नव्हता. पण गरी तोंडात नव्हती, बाहेर अंगात रुतली होती. धरणाऱ्याने तिला पाण्यात सोडलं आणि विक्रमावर हक्क सांगितला नाही. दोन वर्षांनी ती मेलेली सापडली तेव्हा ठिपक्यावरूनच ओळख पटली.

मासा धरून सोडायचा, ही गोष्ट कोकणातल्या माणसाच्या गळी उतरणं कठीण. तिचं श्रेय बरंचसं रे स्कॉट या अलाबामातल्या विमा एजंटाला जातं. त्याने 1967 साली आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची पैशांची स्पर्धा भरवली, पुढच्या वर्षी संघटना काढली. 1971 साली पहिल्या ‘क्लासिक’ स्पर्धेसाठी खेळाडूंना विमानात बसवलं आणि विमान उडाल्यावर सांगितलं की आपण नेवाडातल्या लेक मीडला चाललो आहोत. आधी जाऊन कुणी तळं चाचपून ठेवू नये म्हणून हा बंदोबस्त. 1972 पासून त्याने मासे जिवंत ठेवून परत सोडायचा दंडक घातला. आता लेक फोर्कवर कायदाच असा की 16 ते 24 इंचांमधला बास ठेवायचा नाही, सोडायचा. त्याहून छोटा ठेवता येतो, मोठा दिवसाला एकच. म्हणजे घरी न्यावासा वाटेल असा नेमका सोडायचा. सोडण्याआधी फोटोपुरता अंगठा बासच्या खालच्या जबड्यात घालून तो उचलतात. दात सँडपेपरसारखे, त्यामुळे चांगला दिवस गेलेल्याचा अंगठा संध्याकाळी सोललेला असतो आणि तो सोमवारी ऑफिसात सर्वांना दाखवला जातो. मासा मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्यावा, नाहीतर जबडा निखळतो. फोटोत हात कॅमेऱ्याकडे जमेल तितका लांब करावा, हे कुणी शिकवावं लागत नाही.

पैसा आला की पापही येतं. 2022 साली लेक ईरीवरच्या एका स्पर्धेत माशांचं वजन डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराशी जुळेना. आयोजकाने पोट चिरलं तर आतून शिशाचे गोळे निघाले. ते मासे वॉलाय जातीचे, बास नव्हते, पण लाज सगळ्या गळवाल्यांना वाटली. मोठ्या स्पर्धांत विजेत्याला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवायची प्रथा मात्र आधीपासूनचीच. मासे धरणाऱ्यांच्या बोलण्यावर समाजाचा किती विश्वास असतो, ते त्यातून कळावं.

दुकानांचं विचाराल तर जॉनी मॉरिस या तरुणाने 1972 साली मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला, वडिलांच्या दारूच्या दुकानाच्या मागल्या कोपऱ्यात गळ-काठ्या मांडल्या. त्यातून ‘बास प्रो शॉप्स’ उभं राहिलं. लेक फोर्कमध्ये 1986 साली सापडलेली आठ किलोंची एथेल नावाची मादी त्यांच्याच टाकीत राहिली, 1994 मध्ये वारली, आणि तिची शोकसभा झाली. दुकानाच्या भिंतीवर एकाच किड्याचे शंभर रंग लटकत असतात. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की बासला लाल आणि हिरवा बरा ओळखता येतो, पण झगझगीत पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याची गल्लत होते, काळ्या-निळ्यातही तेच. हा निष्कर्ष भिंतीपर्यंत अजून पोचलेला नाही.

इलिनॉयमध्येच रिज लेक नावाच्या तळ्यावर त्याहून मजेशीर प्रयोग झाला. सत्तरच्या दशकात तिथे धरलेला प्रत्येक बास मोजून, खूण करून सोडत. चार वर्षांनी तळं उपसलं. सतराशेहून अधिक बास निघाले, त्यांतले सुमारे दोनशे एकदाही गळाला लागले नव्हते. उलट एक महाभाग पहिल्या दोन दिवसांतच तीनदा लागला होता आणि दुसरा एका वर्षात सोळा वेळा! मग संशोधकांनी लागणाऱ्यांची पिढी वेगळी वाढवली, न लागणाऱ्यांची वेगळी. वीस वर्षांनी कळलं की गळाला लागणं रक्तात उतरतं. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की गळाला चटकन लागणारे नर घरट्याची राखण जास्त जोमाने करतात. थोडक्यात, तापट बाप चांगला बाप, आणि तोच आधी होडीत.

आता माणसाने डोळेही यंत्राला दिले आहेत. 2018 साली गार्मिनने आणलेल्या लाइव्हस्कोपमुळे होडीपुढचा मासा पडद्यावर हलताना दिसतो आणि आपलं आमिष त्याच्या नाकासमोरून जातानाही दिसतं. तरणे खेळाडू मान खाली घालून दिवसभर पडदा पाहतात, तळ्याकडे बघतच नाहीत. शेवटी संघटनांना नियम करावे लागले. एका स्पर्धामालिकेने 2025 साली दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकातच हे यंत्र चालवायची मुभा दिली. दुसरीने होडीतल्या सगळ्या पडद्यांची मिळून 55 इंचांची मर्यादा घातली. एवढा टीव्ही दिवाणखान्यात असला तर पाहुणे विचारतात.

आणि या सगळ्या सरंजामापुढे उभा आहे जॉर्ज पेरी. जॉर्जिया राज्यातला शेतकरी पोरगा. 2 जून 1932, मंदीचा काळ, पावसाने नांगर धरता येईना म्हणून तो मित्राबरोबर माँटगोमेरी लेकवर गेला. दोघांत मिळून आमिष एकच. त्यावर 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा बास लागला. पेरीने तो गावात तोलला, घरी नेला आणि कुटुंबाने खाल्ला. त्या वजनाचा विक्रम आजही मोडलेला नाही.

बरोबरी मात्र झाली, तीही जपानमध्ये. 2 जुलै 2009 रोजी मानाबू कुरिता याने बिवा सरोवरात धरलेला बास पेरीच्या माशाहून 27 ग्रॅमने भारी भरला. नियमानुसार विक्रम मोडायला दोन औंसांचा, म्हणजे 57 ग्रॅमचा फरक लागतो. त्यामुळे दोघे बरोबरीत. कुरितालाही खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसावं लागलं, आणि तो पास झाला. त्याचं आमिष होतं जिवंत ब्लूगिल. हे ब्लूगिल जपानात आले ते 1960 साली शिकागोच्या महापौरांनी तेव्हाचे युवराज अकिहितो यांना भेट दिले म्हणून. पुढे ते इतके माजले की 2007 मध्ये सम्राट अकिहितोंनी बिवाच्याच काठी झाल्या प्रकाराबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बासही तिथे परकाच, 1925 साली आशी सरोवरात सोडलेला. दोघांनी मिळून बिवातले मूळचे बरेच मासे फस्त केले, तेव्हा शिगा प्रांताने 2003 पासून धरलेला बास पाण्यात परत सोडायलाच बंदी केली. टेक्सासमध्ये जे पुण्य ते इथे बेकायदा. काठावर मासे टाकायच्या पेट्या ठेवल्या आहेत. आणि बिवा वस्तुसंग्रहालयाच्या उपाहारगृहात हाच बास सोलून, पिठात बुडवून, कुरकुरीत तळून गरम भातावर वाढतात.